मिलनगावीचं मृगाजिन

सौ. गिरिजाताईंना,

(वन्सं लिहिणार होते, पण त्या शब्दाने आपण एकदम साठीच्या वाटतो असं तुम्ही मागे म्हणाला होतात, म्हणून ताईच.)

सुचेताचा नमस्कार. खाली वाकून करायची इच्छा होती, पण सध्या आमच्या गालिच्याला अंग लागलं की माणूस केसाळ होऊन उठतो, तेव्हा उभ्याने केलेला गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? राजेंद्ररावांनी साखर सोडली, की अजून दोघं एकमेकांवर पाळत ठेवून आहेत? इकडे प्रमोद ठीक. तनूची उंची वाढते आहे आणि मराठी खुंटतं आहे. बाबांची तब्येत उत्तम, तुम्हाला ऐकून खरं वाटणार नाही इतकी उत्तम, आणि त्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुम्हाला. तर फोनवर मी बोलायला लागले की बाबा शेजारच्या खुर्चीत असतात आणि 'गिरिजा आहे का? स्पीकरवर टाक' म्हणतात. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर प्रमोदने त्यांना जो जुना टॅब दिलाय त्यावर घरातल्या सगळ्यांचे सगळे निरोप उमटतात आणि बाबा त्यातलं शुद्धलेखन सुधारून परत पाठवतात. राहिलं पोस्ट. मागच्या रविवारी बाबा बाहेर असताना तुम्ही फोनवर म्हणालात की तळेगावजवळच्या त्या ज्येष्ठांच्या निवासात दुसऱ्या मजल्यावरची, डोंगराकडच्या गॅलरीची खोली रिकामी झाली आहे आणि दिवाळीपर्यंत ते ती आपल्यासाठी धरून ठेवतील. आई गेल्यापासून बाबा कोणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात, पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना एकटं ठेवायची भीती वाटते. वर मला म्हणालात, तुझं ऐकतात, तर तिथून निघायच्या आत तू त्यांना तयार कर. मी 'बघते' म्हटलं. हे पत्र म्हणजे मी काय बघितलं त्याची हकीकत आहे. ती वाचून मग खोलीचं ठरवा.

तुमचं म्हणणं खोटं नव्हतं हे आधी कबूल करते. एप्रिलअखेर बाबा इथे आले तेव्हा तुम्ही सांगता तसेच होते. खिडकीशी बसायचे. दिवसभरात दोन शब्द, 'चहा' आणि 'पुरे'. पहिल्या महिन्यात त्यांनी एकाच विषयावर मत दिलं, आणि ते आमच्या गावाच्या नावावर. ग्लासगोला लागून असलेल्या या गावाचं स्पेलिंग तुम्ही पाकिटावर लिहिता ते, सरळ वाचलं तर 'मिलनगावी'. इथले लोक मात्र त्याला 'मलगाय' म्हणतात. का, ते कोणी सांगत नाही. बाबांचं म्हणणं, अक्षरं इतकी स्पष्ट असताना मिलनगावीला गाय म्हणणारी माणसं विश्वासाची नव्हेत. स्टेशनवर, दवाखान्यात, लायब्ररीत सगळीकडे ते खणखणीत 'मिलनगावी' म्हणायचे आणि समोरचा गोंधळला की पाटबंधारे खात्यातल्या आपल्या जुन्या स्वरात 'काइंडली रीड युअर ओन बोर्ड' असं सांगून घरी यायचे. मग पुन्हा खिडकी.

मे महिन्यात तुमच्या भावाने एकदा घरकामाचा उत्साह दाखवला आणि बाबांचं जपाचं लोकरी आसन गरम पाण्याच्या धुलाईत टाकलं. मशीनमधून जे बाहेर आलं त्यावर फार तर चहाचा कप बसला असता. बाबा काही बोलले नाहीत (तेव्हा ते बोलतच नव्हते), पण दोन दिवस नुसत्या गालिच्यावर बसून जप करताना त्यांचा चेहरा बघवेना. म्हणून जूनमध्ये आम्ही त्यांना इथल्या एका जत्रेत घेऊन गेलो. शिकार, मासेमारी, मेंढपाळांची कुत्री, अशा गोष्टींची जत्रा असते ही. तिथे एका तंबूत हरणांची कातडी टांगलेली होती आणि त्यातल्या एका करड्या-तपकिरी कातड्यासमोर बाबा उभे राहिले ते हलेनात. 'मृगाजिन,' ते म्हणाले. चहा, पुरे आणि मिलनगावी सोडून उच्चारलेला तो पहिला शब्द, त्यामुळे मी पर्स उघडलीच. पण बाबांनी मला थांबवलं आणि दुकानदाराला विचारलं, 'सर, काइंडली कन्फर्म द कॉज ऑफ डेथ.' तो बिचारा प्रामाणिक निघाला. हरणं फार वाढली की रानाची नासाडी होते, म्हणून हिवाळ्यात ठरवून थोडी मारतात, त्यातलं हे. बाबांनी विचार केला आणि मला मराठीत म्हणाले, 'म्हणजे खात्यामार्फत झालेली कारवाई आहे. आपल्यासाठी मारलेलं नाही. चालेल.'

ताई, मृगाजिनावर बसून जप केल्याने बसणाऱ्याचं मन स्थिर होतं असं म्हणतात. घरातल्या बाकीच्यांचं काय होतं, ते कोणी सांगितलेलं नाही. त्या कातड्याचे केस गळायला लागले. वरणात केस. तनूच्या टूथब्रशवर केस. प्रमोद काळा सूट घालून मीटिंगला गेला आणि 'तुमच्याकडे कुत्रं आहे का?' या प्रश्नाला त्याने 'नाही, वडील आहेत' असं उत्तर दिलं. व्हॅक्यूम क्लीनरने खोकून खोकून प्राण सोडला. केस म्हणजे आपल्या डोक्यावरचे नव्हेत. बोटभर लांब, राठ, आणि दाबले की कट्कन मोडणारे. (हे असे का, ते पुढे कळलं. तेव्हा मी फक्त शिव्या घालत होते.) शेवटी एका शनिवारी बाबा अंघोळीला गेलेत असं बघून मी ते कातडं मागच्या अंगणात नेलं, कुंपणावर टाकलं आणि तनूच्या क्रिकेटच्या बॅटने बदडायला सुरुवात केली. मनात कोण होतं ते विचारू नका.

कुंपणापलीकडे आमचे शेजारी गॉर्डन चहा पीत बसले होते. निवृत्त पोस्टमन, सत्तरीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमची ओळख 'हवा बरी आहे' आणि 'हवा बरी नाही' एवढीच. केसांचा ढग त्यांच्यावर गेला आणि मी माफी मागायला धावले, तर हे आपले कपात डोकावून बघतायत. चहावर केस तरंगत होते. त्यांनी त्यातला एक बोटाने उचलला, नखात धरून दाबला, उजेडाकडे धरला, आणि देवळात बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, 'हेन, दॅट'स विंटर रो.' (रो ही इथल्या लहान हरणाची जात. हेन म्हणजे कोंबडी, पण इथे बायकांना लाडाने म्हणतात. मला हे कळायला दोन वर्षं गेली होती, त्या काळात मी बसवाल्याशी भांडले होते.) मग फार संकोचाने त्यांनी विचारलं, यातला तिकिटाएवढा एक तुकडा मिळेल का? मी म्हटलं, अख्खं न्या, वर डबाभर लाडू देते. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, 'आसन कापतात का?' पंचा नेसून, ओल्या केसांनी ते दारात उभे होते. जत्रेनंतरचं पहिलं सलग वाक्य!

त्यावर गॉर्डननी वाद घातला नाही. फक्त आपल्या शेडकडे हात केला आणि 'या, दाखवतो' अशी मान हलवली. बाबा सदरा घालून गेले. मी मागोमाग गेले, भांडण झालं तर मध्ये पडायला.

ताई, आता मी जे पाहिलं ते नीट सांगते, कारण एवढ्याशा जागेत एवढं कसब मी जन्मात पाहिलं नव्हतं. इथले लोक मासे धरायला गांडूळ लावत नाहीत, खोटी माशी लावतात, आणि ती घरी बांधतात. टेबलाला एक छोटा चिमटा बसवलेला, त्यात गळ पकडलेला, मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढा. गॉर्डननी कातड्यावरून सुटलेली केसांची चिमूट घेतली. बारीक फणीने आतली मऊ लव विंचरून काढली. मग केस पितळेच्या एका छोट्या नळीत घालून टेबलावर ठकठक आपटले. बाहेर काढले तर सगळी टोकं एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. ती चिमूट गळावर धरून त्यांनी दोऱ्याचे दोन वेढे घेतले, अगदी सैल, आता सुटतील असे. आणि मग दोरा ओढला. त्याबरोबर ते केस ताठ उठले आणि गळाच्या दांड्याभोवती गर्रकन फिरून चारी बाजूंना फुलले, कुत्रं दिसल्यावर मांजर फुलतं तसे. मी तोंडात बोट घातलं (बोटाबरोबर केसही गेला). गॉर्डननी सांगितलं, हरणाचा हिवाळ्यातला केस आतून पोकळ असतो, त्यात हवा भरलेली असते. थंडीत हरणाला त्याने ऊब मिळते, दोऱ्याने आवळला की तो असा उभा राहतो, आणि पाण्यात टाकला की बुडत नाही. ज्या केसांना मी महिनाभर शिव्या घालत होते त्यांची ही करामत! पहिली चिमूट नखाने मागे दाबून दुसरी, मग तिसरी, आणि शेवटी त्या पिंजारलेल्या गोळ्याची ब्लेडने हजामत. दोन मिनिटांत त्यातून पंख मिटून बसलेली माशी निघाली. बाबांनी ती चष्मा कपाळावर चढवून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि कोणालाही न विचारता गॉर्डनच्या स्टुलावर बसले.

पहिले काही आठवडे बाबांचे हाल झाले. दोरा जोरात ओढला तर केस कापले जायचे, हळू ओढला तर ते न फुलता सगळे एका बाजूला लटकायचे. रोज सकाळी जप झाला की आसनाच्या कडेचा एक तुकडा कापून (मांडीखाली येत नाही तेवढाच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती) बाबा शेडमध्ये जायचे आणि दुपारी तोंड पाडून परत यायचे. बोलणं असं नव्हतंच. गॉर्डनचं इंग्रजी आपल्याला कळत नाही आणि बाबांचं इंग्रजी सरकारी पत्राबाहेर येत नाही. पण भिंतीकडे बघणं संपलं होतं, आणि जेवताना ते अंगठ्यावर दोरा असल्यासारखी बोटं हलवत असायचे.

एक दिवस मी चहा घेऊन गेले, तर बाबांनी दोऱ्याचं रीळ बाजूला काढून ठेवलं होतं आणि दोरा डाव्या अंगठ्यावरून घेतला होता. दोन वेढे सैल घातले, अंगठा थोडा वर उचलला, थांबले, आणि ओढला. केस असे फुलले ताई, की गॉर्डनच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं असावं, कारण बाबा आपल्या इंग्रजीत म्हणाले, 'माय वाइफ वॉज टाइंग फ्लॉवर्स. आय वॉज ओन्ली द पोस्ट.'

तुम्हाला कळलं ना? पोस्ट म्हणजे टपाल नव्हे, खांब. मला कळायला क्षणभर लागला. आई गॅलरीतल्या मोगऱ्याचा गजरा करायच्या, तेव्हा दोऱ्याचं एक टोक बाबांच्या अंगठ्याला बांधलेलं असायचं. बाबा दुसऱ्या हातात पेपर धरून बसलेले, आणि आई म्हणायच्या, हलू नका. मी लग्न होऊन आले तेव्हाही पाहिलंय. तुम्ही तर लहानपणापासून. आपल्याला वाटायचं, बाबांना त्यात काही काम नाही. पण वेढा कधी सैल सोडायचा आणि कधी आवळायचा म्हणजे पाकळी तुटत नाही, ते इतकी वर्षं त्या अंगठ्याला कळत होतं. आई गेल्यावर बाबांनी त्यांच्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते एका स्कॉटिश पोस्टमनसमोर, माझ्यासमोर नाही. मला रडू आलं. मी चहा सांडला म्हणून रडते आहे असं दाखवलं.

त्याच बैठकीत पुढचा घोटाळा झाला. गॉर्डननी बाबांची माशी चिमट्यातून काढली, तळव्यावर घेतली आणि विचारलं, 'व्हॉट'स हर नेम, देन?' इथे माशीला, होडीला, पावसाला, सगळ्याला बाई समजून बोलतात. पण बाबांच्या डोक्यात आई होत्या. त्यांना वाटलं, बायकोचं नाव विचारतोय. आता तुम्हाला माहीत आहे, बाबांनी आईंना जन्मभर 'अगं' म्हटलं, आणि परक्यासमोर 'गिरिजाची आई'. लग्नात नाव घ्यायच्या वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली ती पंगत उठेपर्यंत थांबली नाही, हे आई दरवर्षी सांगायच्या. तर बाबांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. आणि म्हणाले, 'मालती.'

गॉर्डननी ते डबीवर लिहिलं. त्यांच्या कानांना ते 'मॉल्टी' ऐकू आलं, आणि मॉल्टपासून व्हिस्की गाळणाऱ्या देशात एवढं चांगलं नाव माशीला दुसरं कोणतं मिळणार! उन्हाळाभर मिलनगावीच्या म्हाताऱ्या मासेमारांनी आमच्या बाबांच्या माश्या पाण्यावर टाकल्या. (बाबांची अट एकच, धरलेला मासा सोडून द्यायचा. गॉर्डन तसाही सोडतात. 'मासा फसतो, मरत नाही. म्हणजे ही थट्टा झाली, हिंसा नव्हे,' असं बाबांनी प्रमोदला समजावलं. तनूने मात्र त्यांना गप्प केलं. 'आजोबा, माशी हा मासाचा वाइफ आहे ना? मग तो तिला का खातो?' बाबांनी तिला व्याकरण शिकवायला घेतलंय, रोज अर्धा तास.) माशी कशी तरंगते, कशी बुडत नाही, खवळलेल्या पाण्यावरही कशी डौलात बसते, याचं कौतुक करायला लोक कुंपणाशी यायचे.

मग ऑगस्टअखेर गॉर्डन बाबांना मासेमारांच्या क्लबात घेऊन गेले, आणि तिथे एका धिप्पाड, लालबुंद गृहस्थाने सगळ्यांदेखत बाबांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की काल संध्याकाळी एक मॉल्टी मी झाडात घालवली, अजून तीन द्या. मॉल्टी म्हणजे आपली मालती, हे बाबांना तेव्हा कळलं. बाबा घरी आले ते जेवले नाहीत. मी घाबरले. रात्रभर त्यांनी इंग्रजी वाक्य जुळवलं असावं, कारण सकाळी ते कोट घालून शेडमध्ये गेले आणि उभ्याने म्हणाले, 'दिस इज टु इन्फॉर्म यू दॅट मालती इज नॉट द फ्लाय. मालती इज माय लेट वाइफ.' गॉर्डननी टोपी काढली. म्हणाले, मी आजच सगळ्यांना सांगतो, नाव बदलतो, डब्या पुसतो, माफ करा. मी कुंपणाच्या अलीकडे वाळत घातलेली चादर धरून उभी होते, ती तशीच. मग बाबा म्हणाले, 'नो नीड. लेट इट बी कंटिन्यूड.' आणि कोट काढून खुंटीला लावला.

मात्र उच्चाराच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. क्लबात सगळ्यांना त्यांनी बजावलं, मी यापुढे 'मलगाय' म्हणेन, तुम्ही 'मालती' म्हणायचं. आणि खरंच ताई, पाटबंधारे खात्याचा एक निवृत्त कार्यकारी अभियंता आता स्टेशनवर मुकाट्याने मलगायचं तिकीट मागतो, आणि सात-आठ लालबुंद म्हातारे जीभ टाळ्याला लावून 'मा-ल-ती' म्हणायचा सराव करतात. बाबा चुका काढतात. दिवसातून वीस वेळा त्यांच्या तोंडून आईंचं नाव निघतं. परवा भाजी चिरताना सहज म्हणाले, 'मालतीला कारलं आवडायचं नाही, माहीत आहे तुला?' मला माहीत नव्हतं.

आसनाची अवस्था विचाराल तर, बिल्डरच्या हाती लागलेल्या जमिनीसारखे त्याचे चारी बाजूंनी तुकडे पडले. मध्ये बाबा बसायचे तेवढं टक्कल उरलंय, तिथले केस घासून गेलेत म्हणून वाचलं. जप करताना बाबांचा एक गुडघा गालिच्यावर असतो. त्यांची काही तक्रार नाही. मला वाटतं जपही जरा लवकर उरकतात.

तर असं आहे. तळेगावच्या खोलीचे फोटो मी पाहिले. गॅलरी खरंच छान आहे. तुम्ही थोरल्या, आईंचं दुखणं तुम्ही काढलंत, तेव्हा मी इथून फोनवर 'काळजी घ्या' म्हणत होते, त्यामुळे तुम्हाला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण बाबा भिंतीकडे बघत बसतात, म्हणून त्यांना चांगली भिंत द्यायची, यात काहीतरी चुकतंय. मला हे माझ्या सासऱ्यांबद्दल लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते: मला त्यांचं भारी कौतुक वाटतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ओळख या उन्हाळ्यात झाली.

ठरल्याप्रमाणे महिनाअखेरच्या विमानाने ते निघतील. घ्यायला याल तेव्हा कपडे झाडायचा ब्रश आणा. राजेंद्ररावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक.

तुमची,
सुचेता

ता. क. तुमचं मन मोडायला नको, म्हणून मी बाबांपुढे 'तळेगाव' हा विषय काढून पाहिला. ते म्हणाले, 'गिरिजाला बरं वाटणार असेल तर जाईन.' मग त्या दिवशी शेडमध्ये गेले नाहीत. यापुढे मी विचारणार नाही. विचारायचं तर तुम्ही त्यांच्यासमोर बसून विचारा.

ता. क. २. खरी विनंती ही. ती खोली दुसऱ्या कोणालातरी जाऊ द्या, आणि थंडीचे महिने बाबांना तुमच्याकडे नाशिकला ठेवून घ्या. त्यांना चिमटा अडकवायला एक टेबल लागेल आणि दोरा धरून बसायला कधीकधी तुम्ही. एप्रिलमध्ये परत इकडे पाठवा. व्हिसाचं प्रमोद बघतो आहे.

ता. क. ३. वर केसांबद्दल जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण मागच्या शनिवारी मी गॉर्डनना घेऊन गेले आणि दुसरं हरीण आणलं. अख्खं, हिवाळी, याहून दाट. माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवलंय, बाबांना माहीत नाही. कांजीवरमची पार वाट लागली आहे. एप्रिलपर्यंत झाडत राहीन, पण त्याच्या पुढे नाही, तेव्हा तारीख चुकवू नका.